तारांचा जमाखर्च

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या घरात एक जुनी रीत अजून टिकून आहे. पाटावर लक्ष्मीची तसबीर, पुढे लाह्या-बत्तासे, बाजूला नवी केरसुणी आणि या सर्वांच्या मध्ये लाल बांधणीची एक वही. वडील एका पेढीवर हिशेबनीस होते. ते गेले, पेढीही गेली. परंतु वही पूजेला मांडण्याची सवय काही गेली नाही. आता त्या वहीत आमच्या चारकोपच्या सोसायटीचा जमाखर्च असतो. सोसायटीचा खजिनदार मी आहे, आणि हे पद माझ्याकडून काढून घ्यावयास आजवर कोणी पुढे आलेले नाही.

अशाच एका दिवाळीत आमचे शेजारी फराळाला आले होते. हे गृहस्थ तीस वर्षे महानगर टेलिफोन निगमात केबल जोडण्याचे काम करीत. रस्त्याच्या कडेला खड्ड्यात बसायचे, शेकडो तारांच्या जुडग्यातून नेमकी तार शोधायची आणि ती नेमक्या तारेला जुळवायची, हे त्यांचे आयुष्य. २०२० साली स्वेच्छानिवृत्ती घेऊन ते घरी बसले. चकली मोडता मोडता त्यांनी मला विचारले, "भाऊ, तुम्ही हिशेबाचे माणूस. आमची कंपनी भारत संचार निगमात विलीन करणार, करणार, असे किती वर्षे ऐकतो आहोत. दोघे एक झाले म्हणजे फायदा होतो म्हणतात. तो होतो कुणाचा?"

प्रश्न साधा होता. उत्तर मात्र मला देता आले नाही. "देशाचा," असे काहीसे मी पुटपुटलो. ते नुसते हसले आणि त्यांनी शेवेची वाटी जवळ ओढली. त्या हसण्याने मी पुढे बरेच दिवस अस्वस्थ होतो. जुनी पुस्तके, अहवाल, वर्तमानपत्रांची कात्रणे चाळीत बसलो, आणि असे ध्यानात आले की हा प्रश्न आजचा नव्हे. मुंबईला जगाशी जोडणारी पहिली समुद्री तार पडली, तेव्हापासून तो या शहराच्या पाठीस लागलेला आहे. त्याचे उत्तर मी येथे मांडतो आहे. थोडे लांबले आहे खरे. पण दिवाळीत वाचकांना सवड असते, असा माझा समज आहे.

*

प्रथम विलीनीकरणाच्या बाजूचे म्हणणे नीट ऐकून घेतले पाहिजे, कारण ते पोकळ नाही. आमच्या गल्लीत सकाळी दोन पेपरवाले येतात. एक पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या घरी पेपर टाकतो. दुसरा दुसऱ्या, चौथ्या, पाचव्या. दोघेही पहाटे उठतात, दोघेही सबंध गल्ली चालतात. एकानेच सगळे पेपर टाकले तर एका माणसाची चाल वाचेल, हे कोणीही सांगेल. टेलिफोनच्या धंद्यात ही चाल फार महागाची असते. रस्ता खणून केबल टाकणे, मनोरा उभारणे, एक्स्चेंजची इमारत बांधणे, हा खर्च गिऱ्हाईक एक असो वा हजार, आधीच करावा लागतो. मग गिऱ्हाईक जितके वाढतील तितका तो दरडोई हलका होतो. मोबाइलच्या बाबतीत आणखी एक गोष्ट येते. हवेतल्या लहरींचा जो पट्टा सरकार कंपनीला देते, तो रस्त्यासारखा असतो. दोन अरुंद बोळ शेजारी शेजारी असण्यापेक्षा दोन्ही मिळून एक रुंद रस्ता झाला तर वाहतूक अधिक मोकळी होते.

आता दुसरी बाजू. दोन पेपरवाल्यांपैकी एकाने पावसात भिजलेला पेपर टाकला, तर मी दुसऱ्याकडे जाऊ शकतो, आणि हे पहिल्याला ठाऊक असते म्हणूनच तो पेपर प्लास्टिकच्या पिशवीत घालतो. उद्या एकच पेपरवाला उरला, तर वाचलेली चाल त्याच्या पदरात पडेल आणि भिजलेला पेपर माझ्या.

इतके झाल्यावर दोन्ही पारडी सारखीच दिसू लागतात. परंतु इतिहास पाहू गेल्यास एक गोष्ट ध्यानात येते. सगळी विलीनीकरणे एका जातीची नसतात. एक असते साखळीच्या कड्यांची जोड: एकाची तार जेथे संपते तेथून दुसऱ्याची सुरू होते. दुसरी असते एकाच बाजारातील समोरासमोरच्या दोन दुकानांची जोड. आणि तिसरी, जिच्याविषयी कोणी मोठ्याने बोलत नाही, ती दोन कर्जबाजारी घरांची सोयरीक. तिन्हींना आपण एकच नाव देतो, म्हणून हिशेब चुकतो.

*

साखळीची जोड पाहावयाची तर १८७० सालच्या मुंबईत गेले पाहिजे. त्या वर्षाच्या आरंभी 'ग्रेट ईस्टर्न' नावाचे अवाढव्य जहाज मुंबईच्या बंदरात येऊन थांबले होते. त्या काळी त्याहून मोठे जहाज जगात नव्हते. त्याच्या पोटात हजारो मैल लांबीची तार गुंडाळून ठेवलेली होती. फेब्रुवारीत ते एडनकडे निघाले आणि जाता जाता अरबी समुद्राच्या तळाशी तार सोडीत गेले. त्या वर्षाच्या मध्यापर्यंत मुंबई ते लंडन तार समुद्रमार्गे जोडली गेली. त्याआधी १८६५पासून इराणच्या आखातातून आणि तुर्कांच्या मुलखातून तारेचा मार्ग होताच; पण वाटेत इतक्या हातांतून आणि इतक्या भाषांतून संदेश जाई, की कित्येकदा तो पोहोचायला दिवसच्या दिवस लागत, आणि पोहोचला तरी मजकूर ओळखू येत नसे.

या नव्या समुद्री मार्गाची गंमत अशी, की तो एका कंपनीचा नव्हता. सर जॉन पेंडर या धूर्त व्यापाऱ्याने त्याचे तुकडे पाडून दरेक तुकड्यासाठी वेगळी कंपनी काढली होती. मुंबई ते सुएझ एक, भूमध्य समुद्रात दुसऱ्या, इंग्लंडच्या किनाऱ्यापर्यंत आणखी एक. समुद्राच्या तळाशी तार टिकेल की तुटेल, हे कोणालाच ठाऊक नव्हते. एक तुकडा बुडाला तर इतरांनी तरी वाचावे, असा हिशेब. तारा टिकल्या. मग १८७२ साली या चार कंपन्या एकत्र होऊन ईस्टर्न टेलिग्राफ कंपनी जन्मास आली.

या जोडीचा फायदा खरा होता. मुंबईच्या कापसाच्या व्यापाऱ्याला लिव्हरपूलचा भाव कळावयाचा तर वाटेतले सगळे तुकडे धड असावे लागत. मध्ये एक अडला की उरलेल्यांचा उपयोग शून्य. अशा ठिकाणी एक मालक, एक हिशेब, एक जबाबदारी असणे गिऱ्हाइकाच्या सोयीचेच असते. परंतु एक झालेल्या कंपनीला समोर कोणी उरले नाही, की ती काय करते, तेही याच कंपनीने दाखविले. ईस्टर्न कंपनीने समुद्राखालच्या तारांवर असे बस्तान बसविले, की हिंदुस्थानाकडे येणाऱ्या शब्दाचा दर पुढे कित्येक दशके चढाच राहिला. लोक संकेतशब्दांची पुस्तके वापरीत आणि एका शब्दात दहा शब्दांचा अर्थ कोंबीत. वाचलेल्या खर्चाचा वाटा गिऱ्हाइकाला आपोआप मिळत नाही. तो मागून घ्यावा लागतो, आणि मागण्यासाठी दुसरे दुकान असावे लागते.

हे दुसरे दुकान उघडावयास अर्धशतक लागले. ते उघडले आपल्याच महाराष्ट्रात, पुण्याजवळ खडकी आणि दौंड येथे. एका ठिकाणाहून संदेश आकाशात सोडायचा, दुसऱ्या ठिकाणी उतरवून घ्यायचा. ही मार्कोनींच्या लघुलहरींची 'बीम' पद्धती. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी तिचे उद्घाटन केले. चालविणारी कंपनी होती इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनी. समुद्रात तार टाकावयाची नाही, जहाज नको, दुरुस्तीची नावही नको. त्यामुळे बीमचा दर स्वस्त. साम्राज्यभर गिऱ्हाईक भराभरा तिकडे वळले आणि ईस्टर्नच्या तारा ओस पडू लागल्या.

आता वास्तविक काय व्हावयास हवे होते? महाग दुकानाने दर उतरवावे किंवा दुकान बंद करावे, असे आपण म्हणू. झाले भलतेच. १९२८ साली लंडनला साम्राज्यातील सरकारांची परिषद भरली. तेथे असा मुद्दा निघाला की बिनतारी संदेश शत्रू हवेतून ऐकू शकतो. समुद्राखालची तार कोणाला ऐकू येत नाही. युद्धासाठी तारा जगल्याच पाहिजेत. मुद्दा खोटा नव्हता. पण त्या जगवायच्या कोणाच्या खर्चाने? उत्तर निघाले: बीमच्या. १९२९ साली विलायतेत तारवाले आणि बिनतारवाले यांची एकच कंपनी झाली. तिलाच १९३४ साली केबल अँड वायरलेस हे नाव मिळाले. त्याच धोरणाने १९३२ साली मुंबईत इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स कंपनी स्थापन झाली. जे दुकान स्वस्त विकत होते, तेच महागड्या दुकानाला सांभाळण्यासाठी त्याच्या दावणीला बांधले गेले.

ही समोरासमोरच्या दुकानांची जोड. तिचा फायदा साम्राज्याला झाला, भागधारकांना झाला. मुंबईच्या व्यापाऱ्याला मात्र पाच वर्षे दोन दारे मिळाली होती, त्यांतले एक पुन्हा लागले. पुढे १ जानेवारी १९४७ रोजी सरकारने ही कंपनी ताब्यात घेऊन तिचे ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस हे खाते केले. १९८६ साली त्याचीच विदेश संचार निगम ही कंपनी झाली आणि २००२ साली तिची सूत्रे टाटांकडे गेली. एकाच रोपट्याला किती वेळा कुंडी बदलावी लागली पाहा!

*

हे झाले परदेशी तारांचे. घरातल्या टेलिफोनची कहाणी निराळी आहे. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले ते १८८२ साली, म्हणजे बेलला टेलिफोनचे पेटंट मिळाले त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी. ते काम खाजगी कंपनीचे होते. पुढे बॉम्बे टेलिफोन कंपनीने साठ वर्षांच्या आसपास शहराचा टेलिफोन चालविला. गावाबाहेर जाणाऱ्या ट्रंक लाइन मात्र सरकारच्या. म्हणजे काळबादेवीहून गिरगावला बोलायचे तर कंपनी, आणि काळबादेवीहून पुण्याला बोलायचे तर कंपनी अधिक सरकार. १९४३ साली, युद्ध चालू असतानाच, सरकारने मुंबई, कलकत्ता, मद्रास येथील टेलिफोन कंपन्या विकत घेतल्या. ही पुन्हा साखळीचीच जोड. गल्लीतील तार आणि देशभरची तार एका हाती आली. १९६० साली कानपूर-लखनौ मार्गावर मधल्या ऑपरेटरवाचून थेट दूरध्वनी लागू लागला आणि पुढे ती सोय देशभर पसरली, ती ह्या एकसंध जाळ्यामुळे अधिक सुकर झाली.

पण सरकारच एकमेव दुकानदार झाल्यावर टेलिफोन ही चैनीची वस्तू ठरली, तिच्यासाठी तिजोरीतून पैसा निघेना, आणि अर्जांचे ढीग साचू लागले. मुलाच्या बारशाला अर्ज करावा म्हणजे मुंजीपर्यंत फोन येतो, असे लोक विनोदाने म्हणत. हा ढीग उपसण्यासाठी १९८६ साली सरकारने मुंबई आणि दिल्ली ही दोन शहरे खात्यापासून वेगळी काढून महानगर टेलिफोन निगम स्थापन केला. खात्याला बाजारातून कर्जरोखे काढता येत नव्हते, कंपनीला येत होते. हेच त्यामागचे मुख्य कारण. म्हणजे या वेळी फायदा जोडण्यात नव्हता, तोडण्यात होता. विलीनीकरणाचे गोडवे गाणाऱ्यांनी ही नोंदही वहीत ठेवावी.

आमचे चारकोप आणि हा निगम जवळजवळ एका वयाचे. १९८५ साली जागतिक बँकेने मुंबई नागरी विकास प्रकल्पाला कर्ज मंजूर केले, आणि कांदिवलीच्या पश्चिमेस, खाडी व खारफुटीच्या अलीकडे, म्हाडाने लहान लहान भूखंड पाडले. रस्ता, पाणी, गटार यांची सोय करून द्यायची. घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचे. सोडतीत नंबर लागलेल्या, एकमेकांस सर्वस्वी अनोळखी अशा तीस-पस्तीस कुटुंबांना एका चौकाभोवती बसवून त्यांची एक सोसायटी करण्यात आली. कोकणातला, देशावरचा, गुजराथेतला, मंगळूरचा, सगळे एका वहीत. हेही एक विलीनीकरणच होते म्हणा ना! ते टिकले, कारण पाण्याची टाकी एक असली तरी दरेकाचे दार वेगळे होते.

आमच्या चौकात पहिला फोन आला तो एका घरी. त्याचा नंबर आम्ही सर्वांनी आपापल्या नातेवाइकांना 'पी.पी.' म्हणून देऊन टाकला होता. गावाहून फोन आला की त्या घरच्या काकू गॅलरीतून हाक मारीत, आणि हाक ऐकताच छातीत धस्स होई, कारण रात्री फोन येई तो बहुधा बऱ्या बातमीचा नसे. पुढे नाक्यावर पिवळ्या पाटीचे एस.टी.डी. बूथ आले, मग घरोघरी फोन आले. आमच्या शेजाऱ्यांनी त्या काळात चारकोपचे सेक्टरच्या सेक्टर जोडून दिले. कुठल्या पिलरमधून कुठली जोडी निघते, हे त्यांना अजूनही पाठ आहे.

*

१९९५ साली मुंबईत मोबाइल आला तेव्हा दुकाने दोनच होती: बी.पी.एल. आणि मॅक्स टच. बोलण्याचा दर मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात. आलेल्या फोनचेही पैसे पडत. २००१ साली महानगर निगमाचा 'डॉल्फिन' तिसरा भिडू म्हणून उतरला. मग इतर आले. २००३ साली येणारा फोन फुकट झाला. दुकाने वाढली तसे दर उतरले. दूधवाला, रिक्षावाला, मासळीवाली यांच्या हाती फोन आला तो कोणाच्या उदारपणाने नव्हे, समोर दुसरे दुकान होते म्हणून. २०११च्या जानेवारीत नंबर न बदलता कंपनी बदलण्याची मुभा मिळाली. माझ्या मते गिऱ्हाइकाला मिळालेले ते सर्वांत मोठे शस्त्र होय.

याच काळात जोडण्याचे प्रयोगही चालू होते. बिर्ला, ए.टी. अँड टी. आणि टाटा यांनी आपापली जाळी एकत्र केली, तेव्हा तिघांच्या आद्याक्षरांवरून लोक त्या कंपनीला चक्क 'बटाटा' म्हणत. २००२ साली तिनेच 'आयडिया' हे नाव धारण केले. ही जोड बरीचशी साखळीची होती. एकाकडे महाराष्ट्र-गुजरात, दुसऱ्याकडे आंध्र. प्रदेश वेगळे असल्याने कोणाचे दुकान मिटले नाही, आणि कंपनी वाढली.

उलट बी.पी.एल.चे काय झाले पाहा. २००९ साली तिचे नाव लूप झाले. मुंबईपुरतीच ती उरली होती. २०१४च्या फेब्रुवारीत एअरटेलने सुमारे सातशे कोटींना तिचा धंदा घेण्याचे जाहीर केले. लूपकडे तीस लाखांच्या आसपास गिऱ्हाईक होते. परंतु मंजुरीचे घोंगडे भिजत पडले, नोव्हेंबरात सौदा मोडला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस लूपच्या परवान्याची मुदत संपली. मुंबईतील लाखो लोकांना आपला नंबर वाचविण्यासाठी दुसऱ्या कंपन्यांकडे घाईघाईने धावावे लागले. म्हणजे विलीनीकरण नाकारले की गिऱ्हाईक सुखी, असेही नाही. बुडत्या दुकानाची चांगल्या घरी वेळेवर सोय लागणे, हाही एक फायदाच असतो.

सर्वांत मोठे उदाहरण व्होडाफोन आणि आयडिया यांचे. २०१६च्या सप्टेंबरात जिओ बाजारात उतरली आणि दरांची लढाई पेटली. २०१७च्या मार्चमध्ये या दोघांनी एक होण्याचे जाहीर केले. कागदावरचा हिशेब झगझगीत होता: वर्षाला चौदा हजार कोटी रुपयांचा लाभ होईल, असा अंदाज. ३१ ऑगस्ट २०१८ रोजी विलीनीकरण पुरे झाले, तेव्हा चाळीस कोटींहून अधिक गिऱ्हाइकांची ती देशातील सर्वांत मोठी कंपनी होती. पुढे काय झाले? २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी देण्यांविषयी निकाल दिला. परवानाशुल्क ज्या उत्पन्नावर मोजायचे त्यात काय काय धरायचे, हा जुना वाद होता. तो कंपन्यांच्या विरुद्ध गेला. त्यामुळे सप्टेंबरअखेरच्या तिमाहीसाठी या कंपनीने सुमारे एक्कावन्न हजार कोटींचा तोटा दाखविला. २०२४ अखेर गिऱ्हाईक वीस कोटींच्या आसपास, म्हणजे निम्म्यावर आले. सरकारी देणी भागांत फिरविली गेल्याने २०२५ साली सरकारच एकोणपन्नास टक्क्यांच्या आसपास भागाचे धनी झाले.

मनोरे कमी झाले, खर्च वाचला, हे सर्व खरे. परंतु दोघांनी एक होताना केवळ मनोरे आणि लहरी जोडल्या नव्हत्या. दोघांच्या माथ्यावरची देणीही जोडली होती. यावर आमच्या शेजाऱ्यांनी मला एकदा त्यांच्या धंद्यातली गोष्ट सांगितली. "केबल जोडण्याआधी," ते म्हणाले, "दोन्ही टोके तपासायची असतात. एका बाजूला पाणी शिरलेले असले, तर जोड कितीही छान केला तरी ते पाणी हळूहळू दुसऱ्या बाजूला जाते. मग साहेब म्हणतात, जोड वाईट होता. जोड वाईट नसतो. आत पाणी असते."

*

आता त्यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. भारत संचार निगम १ ऑक्टोबर २००० रोजी स्थापन झाला, तो मुंबई आणि दिल्ली वगळून साऱ्या देशासाठी. महानगर निगम या दोन शहरांपुरता. नकाशा पुढे घेऊन पाहिले तर यांच्यात भांडण कोठेच नाही. एकाची हद्द संपते तेथून दुसऱ्याची सुरू होते. मुंबईकर 'डॉल्फिन' घेऊन सिंधुदुर्गात गेला की तो दुसऱ्याच्या अंगणात पाहुणा. १८७२ सालच्या चार समुद्री कंपन्यांसारखीच ही साखळीची जोड होती, आणि म्हणून माझ्या मते विलीनीकरण म्हणून ती योग्य जातीची होती.

चुकली ती वेळ. १९९७ साली महानगर निगम 'नवरत्न' होता. त्या काळात तो नफ्यात होता, तेव्हा जोड केला असता तर दोन धडधाकट टोके जुळली असती. तो विचार पुढे ढकलला गेला. २०१० साली तिसऱ्या पिढीच्या मोबाइल लहरींचा आणि ब्रॉडबँड लहरींचा लिलाव झाला. खाजगी कंपन्यांनी बोली जेथवर चढविली, त्या भावाने निगमाला दोन शहरांसाठी सर्व मिळून अकरा हजार कोटींच्या वर रक्कम मोजावी लागली, आणि ती बव्हंशी कर्जाने उभी राहिली. पाणी शिरले ते येथे. व्याजासाठी कर्ज आणि कर्जासाठी व्याज, असे चक्र फिरू लागले.

२३ ऑक्टोबर २०१९ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने दोन्ही निगमांच्या विलीनीकरणास तत्त्वतः मान्यता दिली. सोबत स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली. ३१ जानेवारी २०२० रोजी दोन्हीकडचे मिळून ब्याण्णव हजारांहून अधिक लोक एका दिवसात निवृत्त झाले. त्यांत महानगर निगमाचे चौदा हजारांहून अधिक. पगाराचा बोजा उतरला, ही जमेची बाजू निर्विवाद मोठी. पण कुठल्या पिलरमधून कुठली जोडी निघते, हे ज्यांना पाठ होते तेही त्याच दिवशी घरी गेले. ही नावेची बाजू. तिचा आकडा कोणत्याही ताळेबंदात येत नाही, म्हणून ती नाहीच असे धरण्यात येते. मला वाटते, विलीनीकरणाच्या हिशेबात सर्वांत मोठी गफलत होते ती येथे.

इतके करूनही विलीनीकरण झालेच नाही. महानगर निगमाचे कर्ज तीस हजार कोटींच्या वर गेले होते. ते पोटात घेतले तर भारत संचारही बुडेल, अशी भीती होती आणि ती रास्त होती. अखेर वेगळी वाट निघाली. जानेवारी २०२५पासून मुंबई-दिल्लीतील टेलिफोनचे काम कराराने भारत संचार निगमाकडे सोपविण्यात आले; कंपनी आणि तिचे कर्ज जेथल्या तेथे राहिले. लग्न न लावता सूनबाईने घरचा कारभार हाती घेतला, असेच म्हणा. हसू येते खरे. परंतु आमच्या शेजाऱ्यांच्या भाषेत बोलायचे तर पाणी शिरलेले टोक बाजूला ठेवून जेवढ्या जोड्या कोरड्या आहेत तेवढ्याच जोडल्या, हा शहाणपणाच झाला.

सरकारी कंपनीला एवढे का सांभाळावे, असे कोणी विचारील. सांगतो. २०१०च्या सुमारास डझनभर दुकाने होती. आज सर्वत्र पसरलेली खाजगी दुकाने तीन आणि चौथे सरकारी. तिघांपैकी एक कर्जाने वाकलेले. उद्या दोनच उरली, तर १९३२ सालच्या मुंबईकराप्रमाणे आपल्यासमोरचे एक दार गुपचूप लागेल. चौथे दुकान फार चांगले चालावे असे नाही. ते उघडे असावे, आणि तेथे जाता यावे, एवढ्यानेही बाकीच्यांचे वजनकाटे सरळ राहतात. भारत संचारने २०२५च्या सप्टेंबरात देशी बनावटीचे चौथ्या पिढीचे जाळे सुरू केले. इतरांच्या मानाने फार उशीर झाला. पण दुकानाची फळी पुन्हा निघाली, ही गोष्ट मला आनंदाची वाटते.

तेव्हा वहीत मी पुढीलप्रमाणे नोंद केली आहे. कड्या जुळत असतील तर जोडावे, आणि दोघे धडधाकट असतानाच जोडावे. समोरासमोरची दुकाने जोडायची असतील तर गिऱ्हाइकाला तिसरे दार कोणते, हे आधी दाखवावे. कर्जे असतील तर ती प्रथम वेगळी मांडावी. आणि माणसे घरी पाठविण्यापूर्वी त्यांना काय पाठ आहे, ते कोणीतरी उतरवून घ्यावे.

परवा हे सगळे मी शेजाऱ्यांना वाचून दाखविले. त्यांनी शांतपणे ऐकले. "म्हणजे फायदा कुणाचा?" त्यांनी पुन्हा विचारले. मी म्हटले, "ज्याला दुसरीकडे जाता येते, त्याचा." ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "मला नाही जाता आले." यावर मी काय बोलणार? त्यांचा तो जुना, काळा पडलेला पक्कड अजून त्यांच्या दाराशेजारच्या कोनाड्यात असतो. दसऱ्याला ते त्याला झेंडूचे फूल वाहतात. यंदा मी त्यांना सांगून ठेवले आहे: लक्ष्मीपूजनाला या, आणि येताना तो पक्कड घेऊन या. वहीशेजारी पाटावर जागा आहे.